करालसिंगाला एकदा मरायचंय

चंपाबाई: थांबा. दोघंबी एकदम बोलू नका. मला एवढंच सांगा, मरणार कोण हाय? आणि ते मला विचारायला शहापुराहून निपाणीला कशापायी आलाय?

यल्लाप्पा: मी मरणार, वैनी. म्हंजे मला मरायचंय आणि ह्यो तम्मा मरू देत न्हाय.

तम्मण्णा: अरे, नीट सांग की. त्यांना वाटेल तुला काही रोग झालाय. वैनी, चित्रपटात. आमच्या नव्या चित्रपटाच्या शेवटी ह्याला मरायचं आहे.

चंपाबाई: असं व्हय. मी तर घाबरले. बसा, आधी पाणी घ्या. यजमान गेल्यापासनं तुम्ही दोघं ह्या सोप्यावर पाऊल टाकलं न्हाई. वरीस झालं.

तम्मण्णा: चुकलंच, वैनी. खानापूरच्या रानात शूटिंग चाललं होतं.

यल्लाप्पा: रानात आम्ही दोन महिनेच हुतो. उरलेले दहा महिने ह्याला हितं यायला धीर व्हत नव्हता. अण्णांचा तक्क्या बघवणार न्हाय म्हणायचा.

तम्मण्णा: तुला कुणी विचारलं?

चंपाबाई: असू दे, भावजी. मलाबी बघवत न्हाई, म्हणून त्यावर चादर टाकलीया. आता सांगा, तुमच्या चित्रपटातल्या मरणाचं माझ्याकडं काय काम?

तम्मण्णा: भुजबली अण्णांनी मला पहिल्या चित्रपटाला भांडवल दिलं, तेव्हाची अट तुम्हाला ठाऊक आहे.

चंपाबाई: हाय की. ह्याच दारातनं तुम्हाला बस्तीत, आमच्या जैनांच्या देवळात घेऊन गेलते. देवासमोर हात जोडून वचन घेतलं, चित्रपटात कुणाचा जीव जायचा न्हाई. माणसाचा न्हाई, घोड्याचा न्हाई, सापाचाबी न्हाई.

यल्लाप्पा: आणि चित्रपट कसला काढायचा, तर मारामारीचा. तलवारी पायजेत, कड्यावरनं उड्या पायजेत, दरोडेखोर पायजेत, आणि मरायचं कुणीच न्हाय. असली अट अख्ख्या मुलखात कुणी घातली नसंल.

चंपाबाई: त्यांना घोडी लई आवडायची. कोल्हापुरात एकदा असला चित्रपट बघून आले आणि दोन दिवस धड जेवले न्हाईत. मला म्हणाले, अगं, घोडी काय झकास पळत्यात. पर एवढी माणसं पडली, त्यांच्या घरी निरोप कोण नेत असंल?

तम्मण्णा: मलाही तेच विचारलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. बापाचा हातमाग सोडून कोल्हापुरात गेलो, नाटकाचे पडदे रंगवले, मग चित्रपट कंपनीत उन्हाचा उजेड पाडायला पत्रे धरून उभा राहायचो. मला डायरेक्टर करायला कोण बसलं होतं? अण्णांनी घोडी उलटी पळवायची अट घातली असती तरी मी हो म्हटलं असतं.

यल्लाप्पा: आणि घोडी तरी कसली, टांग्याची. बेळगाव स्टेशनावरची दोन. एका बाजूनं पांढरा पट्टा वढायचा, दुसरी बाजू तशीच ठेवायची, की झाली चार घोडी. त्यातलं एक आगगाडीची शिटी ऐकली की जागेवर थांबायचं, सवारी मिळंल म्हणून.

चंपाबाई: हे यजमान घरी सांगून हसायचे. डोळ्यांतनं पाणी यायचं त्यांच्या.

तम्मण्णा: त्या दोन घोड्यांवर आमचे सात चित्रपट निघाले, वैनी. आजवर बावीस झाले. अठरा वर्षांत बावीस, आणि एकातही कुणी मेलेलं नाही.

यल्लाप्पा: त्या बावीसच्या बावीसमधी मी करालसिंग.

चंपाबाई: करालसिंग म्हंजे दुष्ट ना? यजमान नाव घ्यायचे.

यल्लाप्पा: व्हय, दुष्टच. बाकीच्या कंपन्यांत दुष्ट एका चित्रपटात मरतो, फुडच्याला नवा आणत्यात. ह्याच्यात मरायचंच न्हाय, मग करालसिंग जाणार कुठं? नदीत पडला तर पोहून बाहेर. तुरुंगात घातला तर फुडच्या चित्रपटात सुटून हजर.

तम्मण्णा: लोकांनाच तो हवा होता. एकदा मी दुसरा खलनायक घेतला, तर चिकोडीच्या तंबूत माणसं उठून उभी राहिली. करालसिंग आजारी आहे का, म्हणून विचारायला लागली.

यल्लाप्पा: ते खरंय. पर वैनी, मार खायचा आणि उठायचं, हे किती दिवस? अण्णांचं दुसरं कलम सांगितलं न्हाय ह्यानं. मारामारी झाली की पडलेला परत्येक माणूस उठून धोतर झटकताना दाखवायचा. परत्येक. एकाबी माणसाला तसंच सोडायचं न्हाय.

चंपाबाई: अकरा पडले, दहा उठले.

तम्मण्णा: तुम्हाला आठवतंय?

चंपाबाई: न आठवायला काय झालं? बेळगावात खेळ बघून आले, ते चप्पल काढायच्या आधी बोलले, अकरा पडले, दहा उठले, त्या तम्मण्णाला बोलावणं धाडा. जेवणाचं ताट तसंच राहिलं.

तम्मण्णा: माझी चूक होती. मोजण्यात एक राहून गेला. तो परशराम, नंदगडचा. शूटिंग संपवून गावी गेलेला. मग कॅमेरा बैलगाडीत घालून आम्ही नंदगडला. परशराम नांगराला लागलेला. त्याला तिथंच ढेकळांत झोपवला, अंगावर दरोडेखोराचा अंगरखा चढवला आणि उठवला. किल्ल्यातली लढाई, आणि हा उठतोय शेतात. मागं बैल रवंथ करतोय.

यल्लाप्पा: आणि टाळ्या कुणाला पडल्या? परशरामला. मी गोकाकच्या पाण्यात ताडाएवढ्या उंचीवरनं उडी घेतलेली, तिला एक शिट्टी न्हाय. बैलाला बघून मातर थेटर डोक्यावर घेतलं.

तम्मण्णा: मुंबईच्या एका पेपरात मग माझ्यावर आलं. ह्या दिग्दर्शकाची लढाई संपली की सगळे अंग झटकून घरी जातात, जसा आठवड्याचा बाजार उठावा.

चंपाबाई: वाईट वाटलं असंल.

तम्मण्णा: नाही वैनी. मी ते कापून ठेवलंय. मला आवडलं ते.

यल्लाप्पा: ह्याला सगळंच आवडतं. मुंबईच्या मोठ्या कंपनीनं देवादिकांचा चित्रपट करायला नेलं, तर तीन महिन्यांत परत. म्हणे तिथं देवाच्या मुकुटावरच सकाळ जाते. हितं तेवढ्या वेळात आम्ही दोन दऱ्या उडून व्हतो.

तम्मण्णा: खरंच आहे ते. मला घाईत काम सुचतं. मी मोठा डायरेक्टर नाही, हे मला ठाऊक आहे. पण सकाळी रानात निघालो, भाकरी बांधून घेतलेली, चार तलवारी, दोन घोडी, हा यल्लाप्पा शिव्या देत मिशी चिकटवतोय, अशा वेळी मला दुसरं काही हवं असं वाटलं नाही कधी.

चंपाबाई: मग आता काय बिघडलं?

यल्लाप्पा: माझं गुडघं बिघडलं. मी बावन्न वर्सांचा झालो, वैनी. लहानपणी वडगावच्या तालमीत कमावलेलं अंग म्हणून एवढं टिकलं. आता घोड्यावर चढवायला दोन माणसं लागत्यात आणि उतरवायला तीन. ह्यो तेविसावा चित्रपट माझा शेवटला. बाकी समदा काढून झालाय, शेवटची मारामारी तेवढी राहिलीया. तवा मी तम्माला म्हटलं, आता तरी मला मरू दे.

तम्मण्णा: तिकडून मुंबईचा शेठही मागं लागलाय. तो हा चित्रपट घ्यायला तयार आहे, पण करालसिंगाचा अंत म्हणून त्याला जाहिरात करायची आहे. आणि फिल्म उरलीय तीनशे फूट. महायुद्ध थांबलं तरी सरकार फिल्म मोजूनच देतं. तीनशे फूट म्हणजे तीन मिनिटं. दोन्ही प्रकार घेऊन बघू म्हटलं तर जमणार नाही. मरायचं की जगायचं, ते एकदाच.

चंपाबाई: आणि ते मी ठरवायचं.

तम्मण्णा: वचन अण्णांना दिलं होतं. अण्णा नाहीत. तुम्ही म्हणालात सोडवलं, तर सुटलं. तुम्ही नाही म्हणालात, तर विषय संपला. मी शेठला तसं कळवतो, हाही मुकाट ऐकेल.

चंपाबाई: भावजी, एक बोलू? राग मानू नका.

तम्मण्णा: बोला की.

चंपाबाई: तुम्ही मला न्हाई म्हणायला लावायला आलाय. तुमच्या मनातनं यल्लाप्पांना मारायचं न्हाई. पर ते तोंडानं सांगायची तुम्हाला भीड पडतीया, म्हणून माझ्या तोंडनं सांगायचं.

यल्लाप्पा: बघ. मी गाडीत ह्येच म्हणत हुतो.

तम्मण्णा: गाडीत तू झोपला होतास.

यल्लाप्पा: झोपायच्या आधी म्हणत हुतो. लेका, अठरा वर्सं तुझ्या कड्यावरनं पडलो, तुझ्या नदीत बुडलो, एकदाबी न्हाय म्हटलं न्हाय. अण्णांच्या कांदा नसलेल्या भाजीवर दरोडे घातले. मी एक गोष्ट मागितली, तर तू वैनींच्या पदराआड लपतोयस.

तम्मण्णा: लपत नाही. मला सांगता येईना, एवढंच.

चंपाबाई: मग आता सांगा. मी ऐकते, यल्लाप्पाबी ऐकतील.

तम्मण्णा: वैनी, सुरुवातीला मी ते अण्णांसाठी केलं. मग सवय लागली. मग लोक हसतात म्हणून केलं. थेटरात मोजायचे सगळे, एक उठला, दोन उठले, असे ओरडत. मला वाटायचं, चला, मजा आहे. मग ती लढाई लागली. आपल्या भागातली पोरं पलटणीत गेली, कोण बर्मात, कोण इटलीत. त्या वर्षांत दुपारच्या खेळाला बायका यायला लागल्या. मारामारीच्या चित्रपटाला बायका कधी नव्हत्या आल्या. एक गुणाबाई होती, वडगावची, मागावर बसणारी. तिचा एकुलता पोरगा इटलीत. ती एकच चित्रपट रोज बघायची. मारामारी चालू असताना मान खाली घालून बसायची, आणि उठायला लागले की वर बघायची. मोजायची, पण मनात. ओठ हलायचे तेवढे.

यल्लाप्पा: हे तू मला कधी बोलला न्हाईस.

तम्मण्णा: नाही बोललो.

चंपाबाई: तिचा पोरगा आला?

तम्मण्णा: नाही. तार आली. मला वाटलं, आता ती येणार नाही. आठ दिवसांनी परत आली, त्याच जागेवर बसली. मी बाहेर तिला गाठलं. म्हटलं, मावशी, कशाला येता, त्रास होत असेल. ती म्हणाली, तुझ्यात सगळी उठत्यात, तेवढं बघते आणि जाते. तेव्हापासनं माझा हात चालत नाही, वैनी. मी कागदावर करालसिंग मेला असं लिहितो आणि खोडतो. हे मला अण्णांच्या वचनापेक्षा जड झालंय.

यल्लाप्पा: मग हे आधी सांगायचं व्हतंस, तम्मा.

तम्मण्णा: तुझं मागणं खोटं नव्हतं ना. म्हणून नाही सांगितलं.

चंपाबाई: यल्लाप्पा, आता तुम्ही सांगा. तुम्हाला मरायची एवढी हौस का?

यल्लाप्पा: हौस म्हंजे, आधी सांगायला लाज वाटती. बाकी कंपन्यांतला दुष्ट मरतो तवा थेटर गप व्हतं. कितीबी वाईट असला तरी गप व्हतं. माझ्यासाठी कुणी गप झालं न्हाय, वैनी. मी पडलो की लोक हसायच्या तयारीत बसत्यात, आता उठंल म्हणून. शहापूरच्या बाजारात एकदा चक्कर येऊन खाली पडलो, तर भोवती पन्नास माणूस उभं. हात लावायला एक न्हाय. समदी वाट बघत्यात, करालसिंग कवा उठतोय. मी खराच मेलो तरी तिरडीपाशी हसत बसतील. घरात माझी ताराबाई व्हती, ती गेली. पोरंबाळं न्हाईत. माझ्यामागं कुणी हळहळंल का न्हाय, ते मला एकदा, जित्तेपणी बघायचं हुतं. दुसरं काय न्हाय.

चंपाबाई: बरं.

यल्लाप्पा: बरं म्हंजे?

चंपाबाई: बरं म्हंजे, मी अडवणार न्हाई. यजमान असते आणि त्यांनी हे ऐकलं असतं, तर त्यांनीबी अडवलं नसतं असं मला वाटतं. पर मी हो म्हणायच्या आधी मला बघायला पायजे. मी आजवर चित्रपट बघितला न्हाई. यजमान लई बोलवायचे, मी म्हणायचे, मला मारामारी बघवत न्हाई. तुम्ही कसं मरणार ते मला हितं करून दाखवा.

यल्लाप्पा: हितं? अंगणात?

चंपाबाई: का? घोडं लागतं?

तम्मण्णा: कर, यल्लाप्पा. मलाही बघू दे. तू मला नुसतंच सांगतोस, दाखवलं कधीच नाहीस.

यल्लाप्पा: तलवार लागली असं समजा. हितं, फासळीखाली. आणि मी बोलणार न्हाय काय. लई दिवस भाषण पाठ केलंतं, पर आता ते नगो वाटतंय.

(यल्लाप्पा अंगणात उतरतो. तिथल्या तंबाखूच्या पोत्याला हात टेकतो, दोन पावलं चालतो, कुणीतरी हाक मारल्यासारखा मागं बघतो, आणि पडतो. बराच वेळ कुणी बोलत नाही.)

चंपाबाई: भावजी, त्यांना उठवा.

तम्मण्णा: नटतोय तो, वैनी.

चंपाबाई: ठाऊक हाय मला. तरी उठवा.

तम्मण्णा: वैनी, तुम्ही रडताय.

चंपाबाई: रडू दे मला जरा. यजमान गेले तवा बस्तीचे उपाध्ये म्हणाले, रडू नका, आर्तध्यान व्हतं, जाणाऱ्या जिवाच्या वाटेत आडवं येतं. बरोबरच सांगितलं त्यांनी. मी न्हाई रडले. घरात शंभर माणूस, सगळ्यांचं पाणी बघितलं, णमोकार मंत्र म्हणत बसले. सगळी म्हणाली, चंपाबाई लई धीराची. वरीस गेलं. आणि आता यल्लाप्पा खोटंखोटं पडले, तर मला आवरंना झालंय.

यल्लाप्पा: वैनी, पडल्या पडल्या एक विचारू?

चंपाबाई: विचारा.

यल्लाप्पा: हे रडणं अण्णांसाठी का माझ्यासाठी?

चंपाबाई: खरं सांगते. आलं ते त्यांच्यासाठी आलं. मग तुम्ही हललाच न्हाई, तवा तुमच्यासाठीबी आलं.

यल्लाप्पा: म्हंजे निम्मं माझं.

चंपाबाई: निम्म्याला जास्तच असंल.

यल्लाप्पा: मग झालं. मला तेवढंच बघायचं व्हतं. तम्मा, हात दे रं. गुडघा धरलाय.

तम्मण्णा: थांब, जोर लावू नकोस. मी उचलतो. दुसरा हात भिंतीला लाव. हं. सावकाश.

यल्लाप्पा: असा बघू नगोस माझ्याकडं. तुझं डोळं वलं झालेलं मला आवडत न्हाईत.

तम्मण्णा: तू एवढं चांगलं काम करतोस हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं मी तुला नुसता पाडत राहिलो.

यल्लाप्पा: आता कळलं न्हवं? मग ऐक. ते तीनशे फूट मरण्यात घालवायचं न्हाईत.

तम्मण्णा: पण शेठ? त्याची जाहिरात?

यल्लाप्पा: शेठनं घेतला तर घेतला. न्हाय घेतला तर बेळगाव, निपाणी, चिकोडी हाईत की आपल्याला. आजवर तेवढ्यावरच भागलं, आणि चांगलं भागलं.

तम्मण्णा: तुझी हौस मारून मला चित्रपट पुरा करायचा नाही, यल्लाप्पा.

यल्लाप्पा: हौस फिटली. हितंच फिटली, अंगणात. गुणाबाई अजून थेटरात येती का?

तम्मण्णा: नवा चित्रपट लागला की येते.

यल्लाप्पा: मग मी उठतो. पर ह्या टायमाला आपल्या नेहमीसारखं टुणकन उठायचं न्हाय. धोतर झटकायचं न्हाय. जसा आता उठलो तसा उठतो, भिंतीला धरून, थांबत थांबत. तुझं समदं तीनशे फूट मला उठायला लागू दे. कुणी हसलं तर हसू दे. आणि मग घोड्यावर बसत न्हाय मी. लगाम धरून चालत जातो. तू कॅमेरा मागनं धर आणि दिसंल तवर फिरवत राहा.

तम्मण्णा: आणि मोजणारे लोक?

यल्लाप्पा: मोजू देत. लई येळ लागंल एवढंच.

तम्मण्णा: परवा सकाळीच काढू. ऊन चांगलं आहे.

चंपाबाई: तो चित्रपट बेळगावात कधी लागायचा?

तम्मण्णा: दिवाळीच्या आसपास लागेल, वैनी.

चंपाबाई: दुपारच्या खेळाचं मला कळवा. मी येते.

यल्लाप्पा: तुम्ही? पर वैनी, त्यात मी मरणार न्हाय. आज बघितलं तसलं काय नसंल त्यात.

चंपाबाई: मरताना बघितलं की आत्ता. आता तुम्हाला घरी जाताना बघते.